लाटेक म्हणजे काय? मोबाइलवरून मराठी पुस्तक कसं मांडायचं?

कॉलेजचा प्रोजेक्ट रिपोर्ट असो की मंडळाची स्मरणिका, मध्ये एक परिच्छेद वाढला की पुढची सगळी पानं सरकतात. मग अनुक्रमणिकेतले पान क्रमांक पुन्हा हाताने बदला! हे काम लाटेकवर सोपवता येतं. ते मोफत आणि ओपन सोर्स आहे.

लाटेक काम कसं करतं?

आपल्याच पुस्तकाची प्रुफं पसंत न पडल्यामुळे डोनाल्ड नुथ यांनी १९७७ मध्ये टेक हे अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर लाटेक उभं केलं. यात तुम्ही फक्त खुणा करायच्या: हे शीर्षक, ही तळटीप. क्रमांक, समास, अनुक्रमणिका ते स्वतः बघतं. ओळ कुठे तोडायची हे ठरवताना टेक अख्खा परिच्छेद विचारात घेतं, त्यामुळे शब्दांमध्ये मोठी भगदाडं पडत नाहीत.

मराठी चालतं का?

हो. १९९१ मध्ये फ्रान्स वेल्टहुइस यांनी टेकसाठी देवनागरीची सोय केली, पण तेव्हा रोमन अक्षरांत टाइप करावं लागे. २००४ मध्ये आलेल्या झीटेकमुळे थेट युनिकोड मराठी लिहिता येऊ लागलं. आज त्यात जोडाक्षरं जुळवणारं हार्फबझ तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही आहे.

युनिकोड का महत्त्वाचं? घाटकोपरच्या एका वाचनालयाची जुनी स्मरणिका मला पीडीएफमध्ये मिळाली. दिसायला स्वच्छ मराठी, पण नाव सर्च केलं तर काहीच सापडत नाही; कॉपी केलं तर रोमन अक्षरांचा काला. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे, म्हणून असं होतं. माणसांची नावं छापली गेली, पण शोधता येत नाहीत. लाटेकची मूळ फाइल साधा युनिकोड मजकूर असते. पीडीएफमधून कॉपी करताना वेलांट्या आजही इकडेतिकडे होऊ शकतात, म्हणून मूळ फाइल नक्की जपून ठेवा.

मोबाइलवर सुरुवात अशी करा

१. ब्राउझरमध्ये ओव्हरलीफ उघडा, खातं काढा आणि नवा प्रोजेक्ट घ्या.
२. सेटिंगमध्ये कंपायलर म्हणून झीलाटेक निवडा.
३. मुंबईच्या एक टाइप या गटाने बनवलेला मुक्ता हा मोफत फॉन्ट गूगल फॉन्ट्सवरून घेऊन अपलोड करा.
४. पॉलिग्लॉसिया पॅकेजमध्ये भाषा मराठी ठेवा, लिहा आणि रिकंपाइल दाबा.

फॉन्ट तपासायची सोपी युक्ती: 'दर्या' आणि 'दऱ्या' टाइप करा. पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. दोन्ही सारखेच दिसले तर तो फॉन्ट मराठीच्या कामाचा नाही.

कधी वापरू नये?

लग्नपत्रिका किंवा बॅनरसाठी लाटेक नको. तिथे चित्रं हाताने हलवता येणारं अ‍ॅप बरं. पहिले दोन-तीन दिवस एररही भरपूर येतील. पवईच्या आयआयटी बॉम्बेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लाटेकचे मोफत व्हिडिओ धडे आहेत, तिथून पाया पक्का करा. पन्नास पानांच्या पुढचं काम असेल, तर ही मेहनत नक्की वसूल होते.