दिनविशेष : ७ जानेवारी
रंगीत काचांतले स्मारक

१८५८ : मुंबईत कुलाब्याच्या सेंट जॉन चर्चचे, म्हणजेच ‘अफगाण चर्च’चे विधिवत समर्पण झाले. पहिल्या इंग्रज-अफगाण युद्धात मृत्युमुखी पडलेल्यांचे हे स्मारक. सोळा वर्षांपूर्वी, १८४२ च्या याच जानेवारीत, काबूलहून माघार घेणारे सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार नोकरचाकर व बायकामुले बर्फाळ खिंडींत सापडली. त्यांतले बहुतेक परतले नाहीत.

चर्चचा आराखडा हेन्री कॉनीबियर यांचा. पूर्व-पश्चिमेच्या उंच खिडक्यांतील रंगीत काचा इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या विल्यम वेल्स यांनी घडवल्या. अशा खिडकीत रंगीत काचेचे तुकडे आकारानुसार कापतात, त्यांवर चेहरे नि वस्त्रांच्या चुण्या रंगवून भट्टीत भाजतात आणि शिशाच्या पट्ट्यांनी सांधतात. ऊन पडले की चित्र जागे होते.

भिंतींवर अधिकाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. असंख्य साध्या शिपायांची नावे मात्र कुठेच नाहीत. काचांतून झरणारा उजेड त्यांच्यासाठीही आहे, हे तिथे गेल्यावर आवर्जून आठवावे.