स्थानिक वापरासाठी राखीव उपकरण क्रमांक (लिनक्स)

लिनक्स या संगणकीय कार्यप्रणालीच्या कर्नेलमध्ये, म्हणजेच गाभ्यात, काही उपकरण क्रमांक कोणत्याही ड्रायव्हरला अधिकृतपणे न देता मोकळे ठेवलेले असतात. त्यांना स्थानिक अथवा प्रायोगिक वापरासाठी राखीव क्रमांक म्हणतात.

स्वरूप

लिनक्समध्ये बहुतेक उपकरणे 'डेव्ह' या निर्देशिकेत फाइलच्या रूपाने दिसतात. फाइलचे नाव वापरकर्त्याच्या सोयीसाठी असते. कर्नेल मात्र उपकरणाला त्याच्या प्रकारावरून (कॅरेक्टर किंवा ब्लॉक) आणि दोन क्रमांकांवरून ओळखते. मुख्य क्रमांकावरून ड्रायव्हर ठरतो, तर दुय्यम क्रमांकावरून त्या ड्रायव्हरच्या अखत्यारीतील नेमके उपकरण. उदाहरणार्थ, 'नल' या कॅरेक्टर उपकरणाचा क्रमांक १:३ आहे, तर 'एसडीए' या डिस्कचा ८:० आणि तिच्या पहिल्या विभागाचा ८:१ आहे.

कारण

कर्नेलच्या दस्तऐवजांत अधिकृत क्रमांकांची यादी दिलेली असते. यादीत रिकामा दिसणारा क्रमांक एखाद्याने परस्पर वापरला आणि पुढे तोच दुसऱ्या ड्रायव्हरला मिळाला, तर नंतर येणाऱ्या ड्रायव्हरची नोंदणी नाकारली जाते. जुनी उपकरण फाइल तशीच राहिली असल्यास माहिती भलत्याच उपकरणाकडे जाण्याचाही धोका असतो. राखीव क्रमांकांमुळे भावी अधिकृत वाटपाशी होणारा असा संघर्ष टळतो.

२.६ आवृत्तीपूर्वी (डिसेंबर २००३) दोन्ही क्रमांक प्रत्येकी ८ बिटांचे असल्याने ही टंचाई तीव्र होती. त्या आवृत्तीपासून मुख्य क्रमांकास १२ व दुय्यम क्रमांकास २० बिट मिळाले.

राखीव मुख्य क्रमांक

* ६० ते ६३ : कॅरेक्टर व ब्लॉक उपकरणे
* १२० ते १२७ : कॅरेक्टर व ब्लॉक उपकरणे
* २४० ते २५४ : ब्लॉक उपकरणे

मर्यादा

राखीव क्रमांक कोणा एकाच्या मालकीचा नसतो. दोन प्रयोगशाळांनी ६० हाच क्रमांक निवडला, तर त्यांचे एकाच प्रकारचे ड्रायव्हर एका संगणकावर एकत्र नांदू शकत नाहीत. त्यामुळे हे क्रमांक स्वतःच्या यंत्रावरील प्रयोगांपुरतेच योग्य ठरतात. इतरांना वितरित करावयाच्या ड्रायव्हरसाठी ते वापरू नयेत.

पर्याय

ड्रायव्हरने मागणी केल्यास कर्नेल स्वतःच मोकळा क्रमांक देते. कॅरेक्टर उपकरणांसाठी हे वाटप २५४ पासून २३४ पर्यंत उतरत्या क्रमाने व त्यानंतर ५११ पासून ३८४ पर्यंत होते. असा क्रमांक दर वेळी तोच असेल याची शाश्वती नसल्याने उपकरण फाइल आधीच हाताने तयार करून ठेवता येत नाही. ते काम 'डेव्हटीएमपीएफएस' व 'यूडेव्ह' या यंत्रणा करतात.