धातुशोधनात सापडलेल्या नाण्यांची देवाणघेवाण (इंग्लंड व वेल्स)

धातुशोधक यंत्राच्या (मेटल डिटेक्टर) साहाय्याने शेतजमिनीत किंवा माळरानावर सापडलेल्या जुन्या नाण्यांची व धातूच्या लहान वस्तूंची संग्राहकांशी होणारी खरेदी-विक्री किंवा अदलाबदल हा इंग्लंड व वेल्समध्ये रुळलेला एक छंद आणि व्यवहार आहे. शोधक आपल्याला सापडलेली बक्कले, अंगठ्या, शिशाच्या मोहरा किंवा जादा नाणी देऊन त्यांच्या बदल्यात संग्राहकाकडून हवे असलेले जुने नाणे घेतो. असा व्यवहार सरसकट बेकायदेशीर नाही. तो वैध ठरतो की नाही हे वस्तूचे वय, तिच्यातील मौल्यवान धातूचे प्रमाण, जमीनमालकाची संमती आणि वस्तू एकटी सापडली की इतर वस्तूंसोबत, यांवर अवलंबून असते. पुरातत्त्वज्ञांच्या दृष्टीने या व्यवहारातील मुख्य प्रश्न किमतीचा नसून नाणे नेमके कोठे सापडले या माहितीचा आहे. नाणे हातोहात फिरू लागले की सर्वप्रथम हीच माहिती हरवते.

पार्श्वभूमी

१९७०च्या दशकात स्वस्त व हलकी धातुशोधक यंत्रे बाजारात आल्यावर ब्रिटनमध्ये हा छंद झपाट्याने पसरला. पुरातत्त्वज्ञांनी त्याला विरोध केला, तर शोधकांनी १९८१ मध्ये नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंग ही आपली संघटना स्थापन केली. त्या काळी मध्ययुगीन ‘ट्रेझर ट्रोव्ह’ ही परंपरागत विधिव्यवस्था लागू होती. सोने किंवा चांदी पुन्हा काढून घेण्याच्या हेतूने पुरली होती असे सिद्ध झाले तरच ती राजसत्तेची ठरे. देवतेला अर्पण केलेली किंवा हरवलेली नाणी या व्याख्येत बसत नसत.

ही उणीव सरे परगण्यातील वॉनबरो येथे ठळकपणे दिसून आली. तेथील रोमन मंदिराच्या स्थळावर १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात चोरट्या शोधकांनी उकरकाम करून लोहयुगीन नाणी मोठ्या संख्येने पळवली आणि ती संग्राहकांच्या बाजारात विखुरली. या घटनेनंतर स्थानिक पुरातत्त्व संस्थेने कायदा बदलण्यासाठी प्रयत्न सुरू केले. त्यातून पुढे १९९६ चा ट्रेझर अ‍ॅक्ट संमत झाला. तो सप्टेंबर १९९७ मध्ये अमलात आला.

व्यवहाराचे स्वरूप

शोधकांना सर्वाधिक सापडतात ती रोमन काळातील, विशेषतः तिसऱ्या व चौथ्या शतकांतील, तांब्याच्या मिश्रधातूची लहान नाणी. त्यांतील बरीच झिजलेली असल्याने त्यांना फारशी किंमत येत नाही व ती मूठमूठभर बदलली जातात. मध्ययुगीन चांदीच्या पेनींना अधिक मागणी असते. इंग्लंडमध्ये १६६२ पर्यंत हातोड्याने ठोकून नाणी पाडली जात. त्यामुळे एकाच साच्यातून निघालेली दोन नाणीही तंतोतंत सारखी नसतात, आणि संग्राहकांना त्यांचे आकर्षण वाटण्याचे हेही एक कारण आहे. लोहयुगातील सोन्याची नाणी आणि अँग्लो-सॅक्सन काळातील नाणी सर्वांत मौल्यवान मानली जातात.

नाण्याचे मोल ठरवताना राजा, टांकसाळ, नाणे पाडणाऱ्या कारागिराचे नाव, वजन, झीज आणि दुर्मीळता पाहिली जाते. मातीत शतकानुशतके राहिल्याने तांब्याच्या नाण्यावर जो हिरवट किंवा तपकिरी थर चढतो, तो घासून काढल्यास नाण्याचा पृष्ठभाग व किंमत दोन्ही उतरतात. म्हणून जाणकार संग्राहक न घासलेले नाणे पसंत करतात. नाणे यापूर्वी कोणाकडे होते आणि त्याची अधिकृत नोंद झाली आहे का, याचीही चौकशी केली जाते. नोंद क्रमांक असलेल्या नाण्याचा खरेपणा पडताळणे सोपे जाते.

कायदेशीर चौकट

जमिनीत सापडलेली, पण ‘ट्रेझर’ या व्याख्येत न बसणारी वस्तू सामान्यतः जमीनमालकाची समजली जाते. त्यामुळे शोधकाने जमीनमालकाशी आधीच, शक्यतो लेखी, करार केलेला नसल्यास ती वस्तू बदलून देण्याचा हक्क त्याला आपोआप मिळत नाही. व्यवहारात रोख रक्कम नव्हती, केवळ अदलाबदल झाली, यामुळे या स्थितीत फरक पडत नाही. संरक्षित प्राचीन स्मारकांच्या जागेत परवान्याविना धातुशोधक यंत्र वापरणे हा १९७९ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे.

ट्रेझर अ‍ॅक्टनुसार पुढील वस्तूंची माहिती १४ दिवसांच्या आत कॉरोनर या अधिकाऱ्याकडे द्यावी लागते :

• किमान ३०० वर्षे जुनी आणि वजनाच्या किमान १० टक्के सोने किंवा चांदी असलेली, नाणे नसलेली वस्तू.
• एकाच ठेव्यातील किमान दोन नाणी, जर ती ३०० वर्षांहून जुनी असून त्यांत किमान १० टक्के सोने किंवा चांदी असेल. हे प्रमाण कमी असल्यास किमान दहा नाणी.
• २००३ पासून, एकाच ठेव्यातील किमान दोन प्रागैतिहासिक धातूच्या वस्तू.
• जुलै २०२३ पासून, किमान २०० वर्षे जुनी व इतिहासाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची धातूची वस्तू.

या व्याख्येमुळे एक लक्षणीय भेद निर्माण होतो. शेतात एकटे सापडलेले मध्ययुगीन चांदीचे नाणे सामान्यतः ‘ट्रेझर’ ठरत नाही. त्याच काळातील चांदीची अंगठी मात्र एकटी सापडली तरी ‘ट्रेझर’ ठरते. नाण्याला भोक पाडून किंवा कडी जोडून त्याचा दागिना केलेला असल्यास तोही वस्तू म्हणून गणला जाऊ शकतो. त्यामुळे अशी अंगठी कळवण्याआधीच संग्राहकाला देऊन नाणे घेणारा शोधक कायद्याचा भंग करतो. एकाच ठेव्यातील नाणी वेगवेगळ्या संग्राहकांना एकेक करून देणे हा कायदा चुकवण्याचा जुना मार्ग आहे, कारण प्रत्येक नाणे एकटेच सापडल्याचे भासवता येते.

कळवलेली वस्तू संग्रहालयाला हवी असल्यास स्वतंत्र समिती तिची बाजारभावाने किंमत ठरवते. ती रक्कम सामान्यतः शोधक व जमीनमालक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. संग्रहालयाला वस्तू नको असल्यास ती परत मिळते व तिचा व्यवहार मोकळेपणाने करता येतो.

नोंदणी आणि प्राप्तिस्थळाचे महत्त्व

‘ट्रेझर’ नसलेल्या वस्तूंची ऐच्छिक नोंद करण्यासाठी १९९७ मध्ये पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम ही योजना सुरू झाली. २००३ पर्यंत ती संपूर्ण इंग्लंड व वेल्समध्ये लागू झाली. ब्रिटिश म्युझियमकडून चालवल्या जाणाऱ्या या योजनेच्या माहितीसाठ्यात दहा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद आहे. स्थानिक अधिकारी वस्तूचे छायाचित्र, वजन व प्राप्तिस्थळ नोंदवून ती शोधकाला परत करतात. केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियमशी संबंधित एका स्वतंत्र सूचीत प्रारंभिक मध्ययुगातील सुट्या नाण्यांची नोंद ठेवली जाते.

एकेक नाणे क्षुल्लक असले तरी हजारो नोंदी नकाशावर मांडल्यावर जुने बाजार, वस्त्या, रस्ते आणि एखाद्या राजाच्या नाण्यांच्या चलनाचा प्रदेश दिसू लागतो. नोंदीपूर्वीच बदलले गेलेले नाणे संग्राहकाच्या पेटीत सुरक्षित राहते, परंतु या नकाशातून ते कायमचे वगळले जाते.

२०१५ मधील दोन नाणेनिधी

या फरकाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे एकाच वर्षी सापडलेले नवव्या शतकातील दोन नाणेनिधी. दोन्हींमध्ये वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि मर्सियाचा राजा दुसरा केओलवुल्फ यांची नाणी होती. शेजारी बसलेले दोन सम्राट दाखवणारा दुर्मीळ प्रकारही दोन्हींत होता. पुढील काळातील इतिवृत्तात केओलवुल्फला व्हायकिंगांच्या हातचे बाहुले ठरवले आहे. या नाण्यांमुळे मात्र तो काही काळ आल्फ्रेडचा बरोबरीचा सहकारी असावा, असे दिसते.

ऑक्सफर्डशायरमधील वॉटलिंग्टन येथील निधी शोधकाने तत्काळ कळवला. पुरातत्त्वज्ञांनी तो मातीच्या ढेकळासह उचलून प्रयोगशाळेत उकलला. त्यात सुमारे १८६ नाणी, तसेच चांदीच्या लगडी व दागिने होते. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन म्युझियमने तो २०१७ मध्ये १३.५ लाख पाउंडांना घेतला.

हेरफर्डशायरमधील लेमिन्स्टरजवळील निधी शोधकांनी दडवला व त्यातील नाणी गुपचूप विकण्यास सुरुवात केली. पोलिसांनी एका फोनमधून पुसून टाकलेली छायाचित्रे परत मिळवली, तेव्हा निधीचा आवाका उघड झाला. नाण्यांची संख्या सुमारे ३०० असावी, असा अंदाज आहे. काही दागिन्यांखेरीज त्यांतील केवळ ३०च्या आसपास नाणी तेव्हा हाती लागली. २०१९ मध्ये वूस्टर येथील न्यायालयाने संबंधितांना कारावासाची शिक्षा दिली. याच निधीतील मानली जाणारी आणखी ४४ नाणी विकू पाहणाऱ्या दोघांना २०२३ मध्ये डरहॅम येथे शिक्षा झाली. उरलेली नाणी पुढे मिळाली, तरी ती मातीत कोणत्या क्रमाने व कशासोबत होती, हे आता समजू शकत नाही.

इतरत्र

स्कॉटलंडमध्ये पुरातत्त्वीय महत्त्वाची कोणतीही प्राप्ती, अगदी एकटे नाणेही, कळवावी लागते आणि तिच्यावर राजसत्ता हक्क सांगू शकते. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात पुरातन वस्तू शोधण्यासाठी धातुशोधक यंत्र वापरण्यास शासकीय परवानगी लागते.

भारतात १८७८ चा निखात निधी अधिनियम अजूनही लागू आहे. त्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. १९७२ च्या पुरावशेषविषयक अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी ‘पुरावशेष’ ठरू शकतात व खासगी व्यक्तीला ती निर्यात करता येत नाहीत. निधी एकत्र राहिल्यास काय कळते, हे नाशिकजवळील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या साठ्याने दाखवून दिले. क्षत्रप नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी दोन-तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा ठोकलेली आढळली. त्यावरून नहपानावरील त्याच्या विजयाला भक्कम पुरावा मिळाला. हे प्रमाण संपूर्ण साठा अभ्यासकांसमोर आल्यामुळेच मोजता आले.