एअरपोर्टच्या स्क्रीनवर खोटी बंदूक का दाखवतात?

टीआयपी म्हणजे 'थ्रेट इमेज प्रोजेक्शन'. विमानतळावर बॅगा तपासणाऱ्यांची नजर तयार ठेवणारं हे सॉफ्टवेअर.

गरज का?
हजारो बॅगांमध्ये खरं शस्त्र क्वचितच असतं. आणि जे क्वचित दिसतं, ते नजरेतून सहज सुटतं. जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांचा २००५ मधला प्रयोग बघा: शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत होती तेव्हा लोकांकडून ती ७% वेळा सुटली, १०० पैकी एकाच चित्रात होती तेव्हा ३०% वेळा!

कसं चालतं?
बॅग मशीनमधून जाताना सॉफ्टवेअर अधूनमधून तिच्या एक्स-रेवर चाकू, बंदूक किंवा बॉम्बचं साठवलेलं चित्र टाकतं. कर्मचाऱ्याने ओळखून बटण दाबलं, की 'हे चित्र खोटं होतं' असा मेसेज येतो. सुटलं, तरी लगेच कळतं. कोणाला काय दिसत नाही याची नोंद राहते आणि त्यानुसार सराव देता येतो.

मर्यादा
थकलेल्या डोळ्यांवर हा उपाय नाही. म्हणून युरोपीय संघाच्या नियमानुसार केबिन बॅगांच्या स्क्रीनसमोर सहसा सलग २० मिनिटांपेक्षा जास्त बसवत नाहीत.