सामान्यनाम (इंग्रजी व्याकरण)

इंग्रजी व्याकरणात एकाच जातीच्या व्यक्ती, प्राणी, वस्तू किंवा स्थळे यांपैकी कोणालाही लागू पडणाऱ्या नामास सामान्यनाम असे म्हणतात. 'रिव्हर' हे सामान्यनाम, तर 'गोदावरी' हे विशेषनाम होय. व्याख्या मराठी व्याकरणातल्यासारखीच असली, तरी वाक्यात योजताना इंग्रजी सामान्यनामे मराठीहून बरीच वेगळी वागतात.

उपपदाची गरज

'दारात कुत्रा बसला आहे' हे मराठी वाक्य पूर्ण आहे. कुत्रा घरचा की अनोळखी, हे संदर्भावरून समजते. इंग्रजीत मात्र 'डॉग इज सिटिंग ॲट द डोअर' हे वाक्य अशुद्ध ठरते. गणनीय सामान्यनाम एकवचनी असल्यास त्यापूर्वी 'अ', 'ॲन' वा 'द' हे उपपद, किंवा 'माय', 'धिस', 'एव्हरी' यांसारखा शब्द सहसा असावाच लागतो. 'अ डॉग' म्हटल्यास कुत्रा अनोळखी ठरतो; 'द डॉग' म्हटल्यास ऐकणाऱ्याला तो आधीच ठाऊक आहे असे गृहीत धरले जाते. मराठी वाक्य जे मोघम ठेवू शकते, ते इंग्रजी बोलणाऱ्याला प्रत्येक वेळी ठरवावे लागते.

संपूर्ण जातीविषयी विधान करताना 'अ डॉग इज अ फेथफुल ॲनिमल', 'द डॉग इज अ फेथफुल ॲनिमल' आणि 'डॉग्ज आर फेथफुल ॲनिमल्स' या तिन्ही रचना शुद्ध आहेत. 'द डॉग्ज आर फेथफुल' असे लिहिल्यास मात्र अर्थ विशिष्ट कुत्र्यांपुरता आकुंचित होतो. 'गो टू स्कूल', 'बाय बस', 'इन बेड' अशा रूढ प्रयोगांत उपपद गळते. हे प्रयोग नियमाने सिद्ध करत बसण्यापेक्षा पाठ करणे सोयीचे.

'अ' की 'ॲन' हे अक्षरावरून नव्हे, उच्चारावरून ठरते. म्हणून 'ॲन अवर', पण 'अ युनिव्हर्सिटी'.

गणनीय आणि अगणनीय नामे

मराठी भाषकांच्या बहुतेक चुका येथे होतात. खुर्च्या आणि टेबले मोजता येतात, तरी 'फर्निचर' हा शब्द अगणनीय आहे. 'फर्निचर्स' हे रूप चूक होय. 'इन्फर्मेशन', 'लगेज' आणि 'इक्विपमेंट' यांचेही तसेच. मराठीत 'सल्ले' होतात म्हणून 'ॲडव्हायसेस' लिहिले जाते. एकच सल्ला सांगायचा असल्यास 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस' म्हणावे. 'न्यूज' शब्दाच्या अंती अनेकवचनाचा भास होतो, पण क्रियापद एकवचनीच येते: 'द न्यूज इज गुड'.

मराठीत 'केस लांब आहेत', तर इंग्रजीत 'हर हेअर इज लाँग'. मात्र सूपमध्ये सापडलेला एखादा केस 'अ हेअर' होतो. कात्रीची गोष्ट याच्या उलट. मराठीत ती एक असते. इंग्रजीत 'द सीझर्स आर ऑन द टेबल' असे अनेकवचन येते आणि एक कात्री दर्शवण्यासाठी 'अ पेअर ऑफ सीझर्स' म्हणतात.

काही नामांत उपपदाने अर्थच पालटतो. 'आय एट चिकन' म्हणजे कोंबडीचे मांस खाल्ले. 'आय एट अ चिकन' म्हणजे अख्खी कोंबडी फस्त केली.

लेखन

देवनागरीत मोठी व लहान अक्षरे नसल्याने हा भेद मराठी विद्यार्थ्याला नव्याने शिकावा लागतो. वाक्यारंभ वगळता सामान्यनामाचे पहिले अक्षर लहान असते. वार आणि महिने कॅपिटल अक्षराने लिहितात, ऋतूंची नावे मात्र लहान अक्षराने. 'माय मदर' येथे 'मदर' लहान अक्षराने, पण आईला हाक मारताना तोच शब्द विशेषनामासारखा कॅपिटल अक्षराने लिहिला जातो. १७८७ साली लिहिलेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेच्या मूळ प्रतीत बहुतांश सामान्यनामेही कॅपिटल अक्षरांनी लिहिलेली आढळतात. जर्मन भाषेत ती रीत आजही कायम आहे.