उपटलेले दात

1891 साली विलोबी मिलर या अमेरिकी दंतवैद्याने बर्लिनहून एक लेख लिहिला. तोंडातले जंतू शरीरात दूरवर रोग पोचवतात, असं त्याचं म्हणणं. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत तयार झालेला हा माणूस. त्याने इलाज सुचवला तो दातांची मुळं साफ करून भरण्याचा. आम्हाला कॉलेजात मिलर शिकवला. त्याच्या विचाराचं पुढे काय झालं ते कुणी शिकवलं नाही, आणि त्याची मला आजही चीड येते.

1910 मध्ये लंडनच्या विल्यम हंटर या डॉक्टरने मॉन्ट्रियलच्या भाषणात दंतवैद्यांना झोडपलं: सोन्याच्या टोप्यांखाली तुम्ही पू साठवता. त्यानंतर अमेरिकेत दात उपटण्याची लाटच आली. सांधे धरले, काढा दात. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयाचा प्रमुख हेन्री कॉटन याने तर वेडाचं मूळच दातांत शोधलं. दातांनी भागलं नाही तर टॉन्सिल, मग मोठं आतडं. आतड्याच्या शस्त्रक्रियेत तिसरा हिस्सा रुग्ण दगावत. स्वतःच्या मुलांचेही दात त्याने काढवले. फिलिस ग्रीनेकर या तरुण डॉक्टर बाईंनी 1924 पासून तिथले रुग्ण आणि नोंदी तपासल्या. कॉटनचे दावे टिकेनात. त्यांचा अहवाल दडपला गेला.

स्नायू हळूहळू लुळे पाडणाऱ्या मोटर न्यूरॉन आजाराचे रुग्ण माझ्याकडे येतात, तेव्हा नातेवाईक विचारतात, "मॅडम, सगळे दात काढून टाकले तर?" म्हणून हा इतिहास मी त्यांना सांगते. 2019 मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेत असा आजार होणाऱ्या उंदरांना प्रतिजैविकं दिली, तर आजार बळावला. अकरमान्सिया हा आतड्यातला जंतू दिला, तर उंदीर जास्त जगले. कॉटनच्या तर्काच्या नेमकं उलट! पुढच्याच वर्षी हार्वर्डच्या संशोधकांना दिसलं की या आजाराशी जोडलेला एकच जनुकदोष असलेले उंदीर एका प्राणिगृहात लवकर मरतात, दुसऱ्यात तगतात, आणि त्यात आतड्यातल्या जंतूंचा हात आहे. अर्थात, हे उंदीर.

तोंडाचं कोडं आणखी अवघड आहे. जीभ लुळी पडली की घास गालात अडकून राहतो, लाळ गिळवत नाही, ब्रश धरवत नाही. मग जंतू बदलणारच. ते आजाराआधी बदलले की नंतर, हे अशा रुग्णाच्या लाळेवरून कसं ठरवायचं? तोवर मी मऊ ब्रश, ओलं गॉज आणि सक्शन वापरायला शिकवते. तोंडात साठलेली लाळ जंतूंसकट फुप्फुसात उतरली तर न्यूमोनिया होतो.