गालिच्यावरचे हट्टी डाग : काय लावावं, काय टाळावं

आपल्या घरात गालिचा नुसता शोभेसाठी नसतो. त्यावर दस्तरखान अंथरला जातो, पाहुणे बसतात, मुलं लोळतात आणि वेळ झाली की तिथेच नमाजही पढली जाते. म्हणून डाग पडला की दोन प्रश्न येतात. डाग निघणार कसा? आणि जागा पाक राहिली का? धाराशिव जिल्ह्यात तिसरा प्रश्न पाण्याचा आहे. उन्हाळ्यात जिथे टँकरची वाट बघावी लागते, तिथे अख्खा गालिचा पाइपने धुणं परवडत नाही. म्हणून कमी पाण्यात होणारे उपाय आम्ही इथे एकत्र देत आहोत.

आधी गालिचा ओळखा

गालिच्याच्या मागच्या कडेचा एक धागा काढा, चिमट्यात धरून घराबाहेर जाळून पाहा. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर. वितळून कडक गोळी झाली तर प्लास्टिकचा धागा. कागदासारखा भुरकन जळला तर सुती. बाजारात स्वस्तात मिळणारे बहुतेक गालिचे प्लास्टिकच्या धाग्याचे असतात, तर भदोहीकडचे हाताने विणलेले गालिचे बरेचसे लोकरीचे.

लोकरीला गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि ब्लीच कधीच लावू नका. ब्लीचने लोकर अक्षरशः विरघळते. सुती सतरंजीचा रंग सुटू शकतो, म्हणून कोणतंही औषध आधी कोपऱ्यात लावून पांढऱ्या फडक्याने टिपून पाहा.

पहिली पाच मिनिटं

डाग हट्टी होतो तो बहुतेक वेळा आपल्याच घाईमुळे. घासलं की डाग पसरतो आणि धाग्यात खोल जातो. म्हणून घट्ट पदार्थ चमच्याने उचला, पातळ पदार्थ कोरड्या सुती फडक्याने टिपून घ्या. नेहमी कडेकडून मधे या.

कोणत्या डागाला काय?

*रक्त :* उस्मानाबादी शेळी आपल्याच भागातली, त्यामुळे बकरी ईदला मटण घरोघरी असतं आणि एखादा थेंब गालिच्यावर पडतोच. इथे फक्त थंड पाणी. गरम पाण्याने रक्तातलं प्रथिन शिजतं आणि धाग्याला धरून बसतं. ग्लासभर थंड पाण्यात चमचाभर मीठ घालून टिपत राहा. नंतर भांडी धुण्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब पाण्यात मिसळून लावा.

*रस्सा आणि हळद :* आधी तेल काढा. डागावर मैदा किंवा टाल्कम पावडर टाका, तासभर ठेवा, ब्रशने झाडून घ्या. मग लिक्विडचं पाणी लावून टिपा. साबण लागला की हळदीचा डाग लाल होतो, घाबरू नका. हळदीचा रंग सोड्याच्या, साबणाच्या संगतीत असाच बदलतो. सिरक्याचं पाणी लावलं की तो पुन्हा पिवळा होतो. उरलेला पिवळेपणा ऊन खातं. बाकीचा गालिचा चादरीने झाकून फक्त डाग दोन-तीन दिवस उन्हात ठेवा, म्हणजे गालिच्याचा मूळ रंग उडणार नाही.

*चहा :* आधी थंड पाणी, मग लिक्विडचं पाणी, शेवटी एक भाग सिरका आणि दोन भाग पाणी. दुधाच्या चहाला लिक्विड लागतंच, नाहीतर दोन दिवसांनी वास सुटतो.

*मेंदी :* ओली मेंदी पुसू नका, पसरेल. चमच्याने अलगद उचला. प्लास्टिकच्या धाग्यावर तिचा रंग फारसा चढत नाही, लिक्विडने बराचसा निघतो. लोकरीवर मात्र ती हातावर रंगते तशीच रंगते, कारण त्वचा आणि लोकर दोन्हींत एकाच जातीचं प्रथिन असतं. जुना डाग पूर्ण जाईल अशी आशा ठेवू नका. लग्नघरात मेंदीआधी गालिचा गुंडाळून ठेवणं हाच खरा उपाय.

*पान :* चुना सुकू द्या, झाडून टाका, मग सिरक्याचं पाणी लावा. काथ्याचा डाग एका वेळी जात नाही, दोन-तीनदा करावं लागतं.

बोअरचं पाणी आणि साबण

आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. त्यात वडीचा साबण फेसत नाही, उलट चिकट पांढरा थर सोडतो आणि त्यावर धूळ बसून डाग परत आल्यासारखा दिसतो. म्हणून वडीऐवजी लिक्विड वापरा. शेवटी लिटरभर पाण्यात दोन चमचे सिरका टाकून फडकं फिरवा.

पाकीचं काय?

हळद, चहा, मेंदी, पान यांचे डाग दिसायला वाईट, पण ते नापाक नाहीत. कुर्बानीच्या वेळी वाहिलेलं रक्त आणि लहान मुलाची लघवी यांची गोष्ट वेगळी. हनफी मसलकनुसार रक्ताचा मूळ अंश निघून गेला आणि धुऊनही नुसती रंगाची छटा राहिली, तर जागा पाक मानली जाते. लघवीची जागा तीन वेळा धुवावी. गालिचा पिळता येत नसेल तर तो गच्चीच्या कठड्यावर टांगा आणि प्रत्येक वेळी पाणी ठिबकायचं थांबू द्या. शंका असेल तर मोहल्ल्यातल्या इमाम साहेबांना विचारा. पण उरलेल्या छटेपायी ब्लीच ओतून चांगला गालिचा वाया घालवण्याचं कारण नाही.

जिवाशी खेळू नका

ब्लीच आणि सिरका, किंवा ब्लीच आणि संडास धुण्याचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद खोलीत तो लेकरांना आणि दमेकऱ्यांना फार घातक. चुकून झालंच तर सगळ्यांना घेऊन लगेच मोकळ्या हवेत या आणि त्रास वाटला तर दवाखाना गाठा.

वाळवणं

२०२४ ला बकरी ईद १७ जूनला, २०२५ ला ७ जूनला आली, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर. अशा दिवसांत ओला गालिचा जमिनीवर पसरून ठेवला तर खालून बुरशी धरते. दोन खुर्च्यांवर टाका, खालून-वरून वारा लागू द्या, पंखा लावा. मागची बाजू हाताला कोरडी लागल्याशिवाय अंथरू नका.